मोआई बघायला जायचंय? तिथले नियम कुठून आले ते आधी समजून घ्या

पृथ्वीच्या गोलावर जैसलमेरजवळ एक लांब सुई टोचली आणि ती केंद्रातून सरळ आरपार नेली, तर पलीकडे ती पॅसिफिक महासागरात, रापा नुई नावाच्या एका छोट्याशा बेटाजवळ बाहेर येईल. भारतातून याहून लांब जायचं म्हटलं तरी जाता येत नाही. पूर्वेकडून गेलात काय किंवा पश्चिमेकडून, अंतर तेवढंच.

आपण या बेटाला ईस्टर आयलंड म्हणून ओळखतो. ५ एप्रिल १७२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, डच दर्यावर्दी याकोब रोगेफेन तिथे पोचला आणि बेटाला ते नाव चिकटलं. तिथले लोक बेटाला रापा नुई म्हणतात, म्हणून या लेखातही तेच नाव.

पेरू-चिलीची सहल आखणारी मंडळी ‘एवढं लांब जातोच आहोत तर’ म्हणून हे बेट जोडायला जातात आणि नियमांची यादी पाहून बुचकळ्यात पडतात. परतीचं तिकीट आधी दाखवा. नोंदणीकृत मुक्कामाचा पुरावा किंवा बेटावरच्या कुणाचं रीतसर निमंत्रण दाखवा. तीस दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही. राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट काढलं तरी स्थानिक गाइडशिवाय मुख्य ठिकाणी आत सोडणार नाहीत. आणि त्याच तिकिटावर रानो राराकू ही पुतळ्यांची खाण आणि ओरोंगो हे जुनं गाव, या दोन जागा फक्त एकेकदाच बघायला मिळतील. दगडी पुतळे तर बघायचे, त्यासाठी एवढा जाच कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे.

या नियमांचं मूळ बेटाच्या इतिहासात आहे. अडचण अशी की तो इतिहास बहुतेकांपर्यंत पोचलाय तो अर्धवट किंवा चक्क उलटा.

बेट आहे तरी केवढं?

क्षेत्रफळ सुमारे १६४ चौरस किलोमीटर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चोवीस किलोमीटरच्या आसपास. आकार त्रिकोणी, तिन्ही कोपऱ्यांना एकेक विझलेला ज्वालामुखी. बेट चिली देशाचं, पण चिलीचा किनारा साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. वस्ती असलेलं सर्वांत जवळचं बेट म्हणजे पिटकेर्न, तेही दोन हजार किलोमीटरवर, आणि तिथे राहतात जेमतेम काही डझन माणसं. चिलीची राजधानी सँटियागोहून विमानाला पाच तासांहून जास्त लागतात. एवढ्याशा बेटाला तीन किलोमीटरहून लांब धावपट्टी आहे, कारण १९८० च्या दशकात नासाने ती वाढवून घेतली होती. अंतराळयानाला अचानक उतरावं लागलं तर सोय असावी म्हणून. यान कधी उतरलं नाही, पर्यटकांची मोठी विमानं मात्र उतरू लागली.

गाव एकच, हांगा रोआ. २०१७ च्या जनगणनेत बेटाची लोकसंख्या ७,७५० होती. त्यात स्वतःला रापानुई म्हणवणारे, म्हणजे मूळ बेटकरी, जवळपास निम्मे. करोनाआधीच्या काळात दरवर्षी लाखाहून जास्त पर्यटक येत होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. बेटावर कायम वाहणारी नदी नाही. भाजी, इंधन, सिमेंट, औषधं असं बरंच काही जहाजाने किंवा विमानाने येतं, आणि कचऱ्यातला बराचसा त्याच वाटेने मुख्य भूमीवर परत पाठवावा लागतो.

मोआई म्हणजे नेमकं काय?

दोन शब्द माहीत असले की पुढचं सगळं सोपं जातं. मोआई म्हणजे दगडी पुतळा. आहू म्हणजे ज्यावर तो उभा करत ते दगडी जोतं.

मोआई देवांचे नाहीत, पूर्वजांचे आहेत. एखाद्या कुळातला मान्यवर पुरुष गेला की त्याच्या रूपाने पुतळा घडवून तो कुळाच्या आहूवर उभा करायचा. पूर्वजाचं सामर्थ्य पुतळ्यातून वंशजांना मिळत राहतं अशी श्रद्धा. आपल्याकडे पूर्वजांचे टाक देव्हाऱ्यात ठेवतात, त्यामागची भावना यापासून फार लांबची नाही. म्हणूनच जवळजवळ सगळे मोआई समुद्राकडे पाठ करून उभे आहेत. त्यांची नजर आपल्या माणसांच्या वस्तीवर आहे. आहू आकिवीचे सात मोआई समुद्राच्या दिशेने बघतात आणि त्यावर भरपूर कथा रचल्या जातात, पण ते किनाऱ्यापासून आत आहेत, म्हणजे त्यांचीही नजर समोरच्या वस्तीवरच होती.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आहूच्या आत आणि आजूबाजूला माणसांचे अवशेष आहेत. ती दफनभूमी आहे. ‘आहूवर पाय ठेवू नका’ ही पाटी संग्रहालयातल्या ‘हात लावू नका’सारखी वाटते, पण तिचा अर्थ त्याहून बराच जड आहे.

बेटावर नऊशेहून अधिक मोआई नोंदवले गेले आहेत. त्यातले सुमारे ९५ टक्के रानो राराकू या एकाच ज्वालामुखीच्या उतारावर कोरले गेले, आणि जवळपास चारशे अजून तिथेच आहेत: काही अर्धवट कोरलेले, काही कड्यातून न सुटलेले, काही मातीत छातीपर्यंत रुतलेले. जगभर फिरणारे ‘नुसत्या डोक्यांचे’ फोटो याच जागेचे. त्या डोक्यांखाली पूर्ण धड आहे. शतकानुशतकं डोंगरावरून घसरून आलेल्या मातीने ते झाकलं गेलंय. ‘डोक्यांना शरीर सापडलं!’ असा मेसेज दर दोन वर्षांनी व्हॉट्सॲपवर येतो, पण अभ्यासकांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत आहे. सर्वांत मोठा मोआई सुमारे एकवीस मीटर लांब आहे आणि तो कड्यात आडवाच राहिलाय. उभ्या केलेल्यांतला सर्वांत उंच, पारो, दहा मीटरच्या घरात होता. सरासरी उंची मात्र चार मीटर.

दगडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचे निम्मे नियम त्यातूनच निघतात. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. अजिंठा-वेरूळची लेणी त्यात कोरलेली, टणक आणि चिवट. मोआईचा दगड तसा नाही. ज्वालामुखीची राख आणि खडे दाबले जाऊन घट्ट झाले की जो दगड होतो त्याला टफ म्हणतात. रानो राराकूचा दगड टफ आहे. त्यामुळे बेसॉल्टच्या हत्यारांनी, लोखंडाशिवाय, तो कोरता आला. पण जो दगड कोरायला सोपा, तो झिजायलाही सोपा. पावसाचं पाणी आत मुरतं, खारा वारा लागतो, दगडफूल वाढतं आणि नाक-कानांच्या कडा हळूहळू पिठासारख्या सुटतात. लाखभर लोकांनी ‘फक्त एकदा’ हात फिरवला तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

बारा टन वजन, ना चाक ना बैल. मग नेले कसे?

परग्रहवासीयांचा विषय एका वाक्यात संपवू: खाण सापडली आहे, हत्यारं सापडली आहेत, अर्धवट कामं सापडली आहेत, रस्ते सापडले आहेत. दगडाच्या कामाचा याहून स्वच्छ हिशेब जगात फार थोड्या ठिकाणी मिळतो.

खरा प्रश्न वाहतुकीचा. काही मोआई खाणीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर पोचले आहेत. रापानुई लोकांचं उत्तर पिढ्यान्‌पिढ्या एकच: मोआई चालत गेले. युरोपीय अभ्यासकांनी ते बराच काळ दंतकथेत जमा केलं.

घरातलं लोखंडी कपाट एकट्याने हलवायची वेळ आली तर आपण काय करतो? उचलत नाही. एका बाजूला कलंडवून दुसरा कोपरा पुढे फिरवतो, मग त्या बाजूला कलंडवून पहिला. कपाट डुलत डुलत खोली ओलांडतं. मोआईचं तसंच. १९८६ मध्ये चेक अभियंता पावेल पावेल याने बेटावर खऱ्या मोआईला दोरांनी असं चालवून दाखवलं, पण पुतळ्याचा तळ खरवडला गेला म्हणून प्रयोग थांबवावा लागला. पुढे टेरी हंट आणि कार्ल लिपो या पुरातत्त्वज्ञांनी रस्त्यात पडलेले मोआई बारकाईने मोजले. आहूवरच्या मोआईंच्या तुलनेत त्यांचा तळ रुंद होता आणि अंग पुढे झुकलेलं. तसा पुतळा उभा करून ठेवला तर तोंडावर आपटेल, पण डुलवत नेला तर प्रत्येक झोक्याला आपसूक पाऊल पुढे टाकेल. २०१२ मध्ये त्यांनी हवाईत सव्वाचार टनांहून जड प्रतिकृती केली. अठरा माणसं आणि तीन दोर, एवढ्यात ती चाळीस मिनिटांत शंभर मीटर चालली. म्हणजे झुकलेलं अंग ही वाटेपुरती सोय. आहूपाशी पोचल्यावर तळ घासून पुतळा सरळ करायचा आणि डोळ्यांच्या खोबण्या तेव्हा कोरायच्या. डोळे पांढऱ्या प्रवाळाचे. ते बसले की पूर्वज जागा झाला.

सगळ्या अभ्यासकांना हे पटलेलं नाही. मोआई लाकडी चौकटीवर आडवा ठेवून ओढत नेला, असं मानणारेही आहेत आणि त्यांनीही प्रयोग केले आहेत. अगदी मोठ्या पुतळ्यांचं काय, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मला स्वतःला रस्त्यांचा पुरावा जड वाटतो: हे रस्ते मधे किंचित खोलगट आहेत, म्हणजे डुलणाऱ्या वस्तूला दोन्ही बाजूंनी सावरणारे. आणि वाटेत पडलेले मोआई उतारावर बहुधा पालथे, तर चढावर उताणे पडलेत. उभं चालताना तोल गेला तर नेमकं असंच होईल.

पण झाडं तोडून त्यांनी स्वतःचाच नाश केला ना?

ही गोष्ट तुम्ही नक्की ऐकली असेल. पुतळ्यांच्या वेडापायी लोकांनी सगळी झाडं तोडली, शेती बुडाली, उपासमार झाली, आपापसात लढले आणि संपले. पर्यावरणाच्या भाषणांत हा दाखला हमखास येतो. २००५ साली गाजलेल्या एका अमेरिकी पुस्तकामुळे तर तो जगाच्या तोंडी बसला.

यातला पहिला भाग खरा आहे. पॉलिनेशियन दर्यावर्दी साधारण १२०० सालाच्या सुमारास इथे आले तेव्हा बेटावर ताडवर्गीय झाडांचं दाट रान होतं. काही शतकांत ते संपलं. माणसांनी शेतीसाठी झाडं कापली-जाळली, आणि त्यांच्या होड्यांमधून आलेल्या उंदरांनी बिया खाल्ल्या. उंदरांच्या दातांच्या खुणा असलेली फळं सापडली आहेत. नवं झाड उगवायलाच तयार नसेल तर जुनं किती दिवस पुरणार?

गडबड आहे ती दुसऱ्या भागात. रान गेल्यावर लोक मेले नाहीत, त्यांनी शेतीची पद्धत बदलली. जमिनीवर फोडलेल्या दगडांचा थर पसरायचा आणि त्यात रताळी लावायची. दगड ओल धरून ठेवतात, वाऱ्यापासून आडोसा देतात, रात्रीची थंडी कमी करतात, आणि त्यांतले क्षार मातीत उतरतात. केळी आणि अळूच्या जातीच्या कंदांसाठी गोल दगडी कुंपणाच्या खोलगट बागा केल्या. प्यायच्या पाण्याचीही युक्ती होती. बेटाचा खडक सच्छिद्र, पाऊस पडला की पाणी खाली झिरपतं आणि किनाऱ्याला, ओहोटीच्या रेषेपाशी, गोड्या पाण्याचे पाझर फुटतात. बरेच आहू नेमके या पाझरांजवळ आहेत. कर्मकांडासाठी जागा निवडताना पोटाचा विचार सुटला नव्हता.

२०२४ मध्ये दोन अभ्यास आले आणि चित्र आणखी स्वच्छ झालं. एकाने उपग्रहचित्रांवरून या दगडी शेतांचं क्षेत्र मोजलं. ते एक चौरस किलोमीटरही भरलं नाही, आधीच्या अंदाजांच्या मानाने फारच थोडं. एवढी शेती आणि जोडीला मासेमारी, एवढ्यावर सुमारे तीन हजार माणसं जगू शकतील, पंधरा-वीस हजार नाहीत. म्हणजे ‘प्रचंड लोकसंख्या आणि मग विनाश’ यातली प्रचंड लोकसंख्याच मुळात नव्हती. दुसऱ्या अभ्यासात, पॅरिसच्या संग्रहालयात ठेवलेल्या पंधरा रापानुई व्यक्तींच्या अवशेषांतला डीएनए वाचला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळली असती तर वंशजांच्या जनुकांत त्याची खूण राहिली असती. तशी खूण नाही, उलट १८६० च्या दशकापर्यंत संथ वाढ दिसते.

त्याच डीएनएमध्ये दहाएक टक्के वारसा अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा निघाला, आणि ती भेट साधारण १२५० ते १४३० च्या दरम्यानची. कोलंबसच्या आधीची. बेटावर युरोपीयांच्या आगमनापूर्वी रताळं कसं, याचंही उत्तर बहुधा याच दर्यावर्दींच्या फेऱ्यांत आहे. उपासाचं रताळं आपल्याकडे मात्र बरंच नंतर, युरोपीय जहाजांतून आलं.

मग लोक गेले कुठे?

इथे थोडं थांबायला हवं. पर्यटनाच्या माहितीपत्रकात या भागाला एखादी ओळ मिळते.

१८६२ च्या अखेरीस पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली. काही महिन्यांत सुमारे दीड हजार माणसं पकडून नेली, म्हणजे बेटाची निदान एक तृतीयांश वस्ती. त्यात प्रमुख घराण्यांतले लोक होते, पुजारी होते, आणि रोंगोरोंगो लिपी वाचू शकणारे जाणकार होते. या चित्रलिपीतले लाकडी लेख आज जगात दोन डझनांच्या आसपास उरलेत आणि ते कुणालाच वाचता येत नाहीत. (१९३० च्या दशकात एका हंगेरियन गृहस्थांनी तिचा संबंध थेट सिंधू संस्कृतीच्या लिपीशी जोडला होता. मधलं चार हजार वर्षांचं अंतर त्यांना अडलं नाही. अभ्यासकांना अडलं.)

बाहेरून दबाव आल्यावर पेरूने जिवंत उरलेल्यांना परत पाठवायचं ठरवलं. त्यातले बहुतेक वाटेतच मेले. जे मूठभर उतरले त्यांच्यासोबत देवीची साथ उतरली. १८७७ मध्ये बेटावर मोजून १११ माणसं उरली होती. आजचे रापानुई या १११ मधल्याही काही थोडक्या लोकांचे वंशज.

१८८८ मध्ये चिलीने बेट ताब्यात घेतलं. त्यानंतर ते जवळजवळ संपूर्ण मेंढपाळीच्या कंपनीला भाड्याने दिलं गेलं. विल्यमसन-बाल्फोर या ब्रिटिश कंपनीचा अंमल विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९५३ पर्यंत चालला. बेटभर हजारो मेंढ्या मोकळ्या चरायच्या आणि माणसं हांगा रोआच्या कुंपणात. गावाबाहेर पडायचं तर परवानगी लागायची. कंपनी गेल्यावर कारभार चिलीच्या नौदलाकडे गेला आणि बंधनं तशीच राहिली. १९६४ च्या डिसेंबरमध्ये आल्फोन्सो रापू नावाच्या विशीतल्या शाळामास्तराच्या पुढाकाराने लोक उठले, त्यांनी त्याला आपला महापौर निवडलं, आणि १९६६ मध्ये चिलीला कायदा करून रापानुईंना नागरिकत्व द्यावं लागलं.

मोआई पडले ते युरोपीय आल्यानंतरच्या दीडशे वर्षांत. १७२२ मध्ये रोगेफेनला ते उभे दिसले. १७७४ मध्ये कॅप्टन कुक आला तेव्हा काही पडलेले होते. १८६८ पर्यंत आहूवर एकही उभा राहिला नव्हता. कुळांमधल्या भांडणांत पाडले असं तोंडी परंपरा सांगते, भूकंपाचा हात असावा असंही काहींचं म्हणणं आहे. म्हणजे आज आहूवर उभे दिसणारे सगळे मोआई गेल्या सत्तर वर्षांत परत उभे केलेले आहेत. पहिला १९५६ मध्ये आनाकेना किनाऱ्यावर. नॉर्वेच्या थॉर हेयरडालची मोहीम तिथे होती, पण उभा केला तो बेटावरच्या डझनभर लोकांनी, लाकडी ओंडके तरफेसारखे वापरून आणि खाली एकेक दगड सारत, अठरा दिवसांत. फोटोंतला सर्वांत प्रसिद्ध देखावा, आहू तोंगारिकीचे पंधरा मोआई, हा तर १९९० च्या दशकातला आहे. २२ मे १९६० रोजी चिलीत ९.५ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याच्या त्सुनामीने तिथले पडलेले पुतळे आणि सगळं जोतं उचलून आत फेकून दिलं होतं. तादानो या जपानी कंपनीने क्रेन दिली तेव्हा कुठे ते पुन्हा उभे राहिले.

वारसा जगाचा, मग ताबा एकाच समाजाकडे का?

१९३३ मध्ये चिली सरकारने सगळी जमीन स्वतःच्या नावावर नोंदवली आणि १९३५ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. १९९५ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं. आज बेटाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग उद्यानात मोडतो. म्हणजे आधी कंपनीने कुंपणात ठेवलं, मग सरकारने उद्यान केलं, आणि दोन्ही वेळेस ज्यांचे आजे-पणजे त्या आहूंखाली पुरलेत त्यांना कुणी विचारलं नाही.

२०१५ मध्ये रापानुई लोकांनी उद्यानाच्या वाटा अडवल्या. त्यातून पुढे वाटाघाटी झाल्या आणि २०१७ मध्ये उद्यानाचा कारभार माऊ हेनुआ या रापानुई समाजाच्या संस्थेकडे आला. तुम्ही तिकिटाचे पैसे देता ते या संस्थेला. माझ्या मते हा ताबा जगाच्या वारशाच्या विरोधात जात नाही. जगाने वारसा म्हणायच्या आधीही कुणीतरी त्याचा वारस होताच.

तीस दिवसांच्या मर्यादेचंही तसंच. तो कायदा २०१८ पासून लागू आहे, त्याआधी पर्यटकाला नव्वद दिवस राहता यायचं. विशेष म्हणजे तो चिलीच्या नागरिकांनाही लागू आहे. स्वतःच्या देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क घटनेने दिलेला असतो, त्यामुळे चिलीला त्यासाठी आधी राज्यघटनाच बदलावी लागली. मुख्य भूमीवरून लोक येऊन वस्ती वाढत होती आणि रापानुई स्वतःच्या बेटावर अल्पसंख्य होण्याच्या बेतात होते. पाणी, दवाखाना आणि कचऱ्याची क्षमता किती माणसांची आहे, हा प्रश्नही कायद्यात आहेच. नोकरी, जवळचं नातं, सरकारी काम अशा कारणांसाठी सवलती आहेत. जमीन मात्र बाहेरच्याला विकत घेता येत नाही.

गाइडची सक्ती म्हणजे पैसे उकळणं नाही का?

पैशाचा भाग आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. करोनामुळे बेट मार्च २०२० ते ऑगस्ट २०२२ पर्यंत पर्यटकांना पूर्ण बंद होतं. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने अडीच वर्षं मासेमारी आणि परसबागांवर काढली. उघडताना कमाई स्थानिकांच्या हातात राहावी असं त्यांना वाटलं, तर त्यात गैर काय?

पण कारण तेवढंच नाही. २००८ मध्ये एका युरोपीय पर्यटकाने आठवण म्हणून मोआईच्या कानाची पाळी तोडली आणि हजारो डॉलर्सचा दंड भरला. २०२० मध्ये एक पिकअप गाडी घसरून आहूवर जाऊन आदळली आणि मोआई फुटला, तीही बेटावरच राहणाऱ्या माणसाची. ऑक्टोबर २०२२ मध्ये रानो राराकूच्या परिसरात वणवा लागला आणि अनेक मोआई होरपळले. टफ तापला की तडकतो, ते नुकसान भरून येत नाही. एवढं मोकळं बेट पहारेकऱ्यांनी राखणं शक्यच नाही, त्यामुळे प्रत्येक गटाबरोबर एक जबाबदार माणूस असणं हाच त्यातल्या त्यात स्वस्त पहारा.

गाइडचा दर्जा सारखा नसतो, हे खरं आहे. पाठ केलेली टेप लावणारेही भेटतात. बुकिंग करतानाच विचारून घ्या की गाइड रापानुई आहे का आणि गट किती जणांचा. छोट्या गटाला जास्त पैसे पडतात. माझा सल्ला विचाराल तर हॉटेलात काटकसर करा, इथे नको.

एवढं करून पुतळे वाचणार का?

सगळे वाचणार नाहीत. झीज कमी करता येते, दगडावर रसायनं लावून ती काही काळ लांबवता येते, पण टफ शेवटी टफच. दुसरं संकट समुद्राचं. बहुतेक आहू किनाऱ्याला लागून आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार समुद्राची पातळी वाढत गेली तर साधारण २०८० पर्यंत हंगामी लाटा आहू तोंगारिकीपर्यंत पोचू शकतात. बंधारा घातला तर जागेचं रूप जातं आणि मोआई आत हलवले तर आहू मागे राहतो. निर्णय काहीही झाला तरी तो तिथल्या लोकांना घेऊ द्यावा, एवढंच बाहेरच्याने म्हणावं.

लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात एक बेसॉल्टचा मोआई आहे, होआ हाकानानाइआ. १८६८ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने तो ओरोंगोहून नेला. २०१८ मध्ये रापानुईंचं शिष्टमंडळ तो परत मागायला लंडनला गेलं होतं. तो अजून तिथेच आहे. आपल्याकडे ‘वाघनखं’ परत येण्याची चर्चा ज्यांनी चवीने वाचली, त्यांना ही मागणी समजावून सांगायची गरज पडू नये.

जायचं ठरलंच तर

व्हिसाचे नियम आणि तिकिटाचे दर बदलत राहतात, ते अधिकृत ठिकाणीच बघा. सँटियागोहून निघताना विमान देशांतर्गत असलं तरी बेटासाठीचा ऑनलाइन फॉर्म आधी भरावा लागतो. परतीचं तिकीट आणि मुक्कामाची नोंदणी तिथेच तपासतात. चार-पाच दिवस ठेवा, दोन दिवसांत नुसती धावपळ होते. महागाईची तयारी हवी. शाकाहारी मंडळींना रताळी, केळी, अननस आणि भात यांवर भागवता येतं, पण गावाबाहेर पडताना डबा बरोबर ठेवलेला बरा. फेब्रुवारीत तापाती नावाचा उत्सव असतो. त्यात तरुण मंडळी केळीच्या खोडांवर बसून डोंगराच्या उतारावरून घसरत येतात. तेव्हा बेट गजबजलेलं असतं आणि राहायची सोय काही महिने आधी करावी लागते.

रानो राराकूला एकदाच जाता येतं, म्हणून तो पहिल्याच दिवशी उरकू नका. पहिला दिवस हांगा रोआच्या संग्रहालयाला द्या. तिथे आनाकेनाला १९७८ मध्ये सापडलेला मोआईचा मूळ प्रवाळी डोळा ठेवलाय. जवळच ताहाईला डोळे बसवलेला एक मोआई उभा आहे, डोळे अर्थात नवे. रानो राराकूची वेळ गाइडशी बोलून आणि हवामान बघून ठरवा. पाऊस इथे बारा महिने कधीही येतो, आणि तिकिटावर एकदा खूण झाली की पुन्हा आत सोडत नाहीत.